ग्रेड तीन नवऱ्याचा, काळजी सासऱ्यांची

एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा ३६ वर्षांचा. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफीवर ‘ग्रेड ३ फॅटी लिव्हर’ आलं, एसजीपीटी (लिव्हरसाठीची रक्ततपासणी) ८१, आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. लिव्हरची बायोप्सी करावी लागेल का, फायब्रोस्कॅन नावाचं मशीन कितपत खरं सांगतं, परदेशात फॅटी लिव्हरवर औषध निघालंय ते इथे मिळेल का, असं त्यांनी विचारलंय. आणि शेवटी जाता जाता दोन ओळी: ‘तसं सासऱ्यांनाही ग्रेड १ आहे, पण त्यांचं एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणून त्यांचं काही नाही. वय ६१, चौदा वर्षं शुगर, अंगानं बारीक. १९८६ साली अपघातात रक्त चढवलं होतं, एवढंच.’ दोघांचे रिपोर्ट सोबत जोडलेत.

ताई, रिपोर्ट दोनदा पाहिले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी तुमच्या घरची गत झाली आहे. नवऱ्याबद्दल सांगतोच, पण आधी सासऱ्यांकडे वळू या.

ग्रेडचा अर्थ आधी समजून घ्या, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सोनोग्राफीत लिव्हर किती पांढरं दिसतं, शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा किती उजळ, आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मागचा छाती-पोटामधला पडदा दिसतो की नाही, यावरून ग्रेड १, २, ३ लिहितात. म्हणजे तो चरबीचा ढोबळ अंदाज आहे, आणि तोही पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. सकाळी एकाने ग्रेड २ लिहिलेलं संध्याकाळी दुसऱ्याने ग्रेड १ लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. बरं, चरबी काही लिव्हर निकामी करत नाही. ते करतात वण. वर्षानुवर्षं आतल्या आत सूज राहिली की लिव्हर स्वतःला शिवत बसतं, त्या शिवणींचे धागे दाट होतात, त्याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो. त्याची शेवटची पायरी सिऱ्होसिस. गंमत अशी की वण वाढत गेले की चरबी कमी होत जाते. त्यामुळे ग्रेड ३ वरून ग्रेड १ वर येणं कधीकधी सुधारणा असते, आणि कधीकधी अगदी उलटं.

गेल्या वीस वर्षांत आमच्या पोट-लिव्हरच्या शाखेत जे बदललं, त्यात मी सगळ्यात वरचं स्थान याला देईन. आम्ही ‘चरबी किती?’ विचारणं सोडून ‘वण किती?’ विचारायला लागलो. मशीन आणि औषधं त्याच्या मागून आली.

आता कागद-पेन घ्या. एफआयबी-४ नावाचं एक साधं गणित आहे, २००६ साली प्रसिद्ध झालेलं. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीचाच जोडीदार, रिपोर्टमध्ये शेजारीच असतो). त्याला भागायचं प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने. बस. वेगळी तपासणी नाही, वेगळे पैसे नाहीत.

तुमचे यजमान: वय ३६, एसजीओटी ४८, प्लेटलेट २ लाख ६० हजार म्हणजे २६०, एसजीपीटी ८१, त्याचं वर्गमूळ ९. वर १,७२८, खाली २,३४०. उत्तर ०.७४.

सासरे: वय ६१, एसजीओटी ५४, प्लेटलेट १ लाख ४८ हजार म्हणजे १४८, एसजीपीटी ३६, वर्गमूळ ६. वर ३,२९४, खाली ८८८. उत्तर ३.७.

१.३ च्या खाली असेल तर मोठे वण असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जायचंच. मधले असतात त्यांना पुढची तपासणी. (पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात, कारण वय हा आकडा स्वतःच गणित फुगवतो. पस्तिशीच्या आत हे गणित फारसं विश्वासाचं नाही.) म्हणजे घरभर ज्याची चर्चा चाललीय त्याचं ०.७४, आणि ज्याचं ‘काही नाही’ त्याचं ३.७.

‘पण त्यांचं एसजीपीटी नॉर्मल आहे’ हे तुमचं वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशी फुटून रक्तात सांडलेलं रसायन. आग लागली की धूर दिसतो, तसं. लाकडं जळून संपत आली की धूरही कमी होतो, म्हणून या गणितात एसजीपीटी भागाकारात खाली ठेवलाय. आणि प्लेटलेट का? वणांमुळे लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला आत शिरायला जागा अपुरी पडते. ते रक्त मागे तुंबतं, पाणथरी (प्लीहा) फुगते, आणि फुगलेली पाणथरी प्लेटलेट आपल्यातच अडकवून ठेवते. शिवाय प्लेटलेट तयार करायचा निरोप मज्जेला पाठवणारं संप्रेरक लिव्हरच बनवतं, तेही कमी पडतं. प्लेटलेट म्हटलं की आपल्याकडे फक्त डेंग्यू आठवतो. तापाशिवाय, महिनोन्‌महिने दीड लाखाच्या आसपास रेंगाळणारे प्लेटलेट दिसले की माझी नजर आधी लिव्हरकडे जाते.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. प्रॅक्टिसची पहिली वर्षं. एक किराणा दुकानदार, पन्नाशी ओलांडलेले, ‘माइल्ड फॅटी लिव्हर’ असा रिपोर्ट घेऊन आले. प्लेटलेट १ लाख ३० हजार. मी त्या आकड्याभोवती पेनने गोल केला, मध्यंतरी व्हायरल ताप येऊन गेला असेल म्हणालो, तेल-तूप कमी करा सांगून घरी पाठवलं. तीन वर्षांनी रात्री दोन वाजता त्यांना रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगल्या होत्या, त्यातली एक फुटली होती. दुर्बिणीतून रबरबँड बसवून रक्त थांबवलं, ते आणखी दोन वर्षं जगले. तेव्हा हे सूत्रही आलेलं नव्हतं आणि आमच्या भागात फायब्रोस्कॅनही नव्हतं, हे खरं. पण चारही आकडे त्या कागदावर होते. मीच गोल केला होता.

तर सासऱ्यांचं पुढे काय? ३.७ म्हणजे सिऱ्होसिस झालाच, असं नाही. हे गणित धोक्याची घंटा आहे, निकाल नव्हे. आधी रक्त पुन्हा तपासा, ताप-सर्दी नसताना. मशीन कधीकधी चिकटलेले प्लेटलेट कमी मोजतं, म्हणून काचपट्टीवरही पाहायला सांगा. मग फायब्रोस्कॅन.

या मशीनविषयी लोकांच्या मनात भलतंच असतं, म्हणून सांगतो. फ्रान्समधल्या एका कंपनीने ते २००३ च्या सुमारास बाजारात आणलं. पेशंट उताणा झोपतो, उजवा हात डोक्याखाली, म्हणजे बरगड्यांमधली फट उघडते. तिथे जेल लावून नळीसारखा प्रोब टेकवतात आणि तो बारीक टिचकी मारतो. लागत नाही, कुणीतरी बोटाने टकटक करावं तसं वाटतं. त्या टिचकीची लाट लिव्हरमधून किती वेगाने जाते ते मशीन मोजतं. मऊ लिव्हरमधून लाट हळू जाते, कडकमधून झपकन. अशा दहा टिचक्या, आणि त्यांचा मधला आकडा किलोपास्कलमध्ये. निरोगी लिव्हर पाचच्या आसपास. आठच्या आत असेल तर बहुतेकांना घरी पाठवतो. दहाच्या पुढे मोठ्या वणांची शंका, पंधराच्या पुढे जवळजवळ खात्री. दहाही आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एक सहा आणि एक सोळा असेल तर तो रिपोर्ट मी बाजूला ठेवतो. जेवून गेलात तर आकडा वाढतो, कावीळ असताना केलात तर वाढतो, हृदयाचं पंपिंग कमी असेल तरी वाढतो. लठ्ठ माणसाला मोठा प्रोब लागतो, आणि तो प्रत्येक सेंटरवर नसतो. फोन करून विचारून जा.

आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. पूर्वी सिऱ्होसिस कळला की प्रत्येकाला दुर्बीण घालायचोच, शिरा फुगल्यात का बघायला. इटलीत बावेनो नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, त्याच्या नावाने या विषयातल्या जगभरच्या डॉक्टरांच्या बैठका भरतात. २०१५ च्या बैठकीत ठरलं: फायब्रोस्कॅनचा आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर दुर्बीण टाळली तरी चालेल. दोन्ही अटी पाळल्या जायला हव्यात. तुमच्या सासऱ्यांचे प्लेटलेट १ लाख ४८ हजार आहेत, दोन हजारांनी हुकलेत. म्हणून फायब्रोस्कॅनमध्ये सिऱ्होसिस दिसला तर एकदा दुर्बीण करून घ्यावी. शिरा मोठ्या निघाल्या तर कार्व्हेडिलॉलसारखी जुनी, स्वस्त गोळीही फुटण्याचा धोका बराच कमी करते.

पण या सगळ्याच्या आधी, उद्या सकाळीच, त्यांचं हेपटायटिस बी आणि सी तपासा. ‘१९८६ साली रक्त चढवलं होतं, एवढंच’ असं तुम्ही लिहिलंत. ताई, हेपटायटिस सी चा विषाणू सापडलाच १९८९ साली. त्याआधीच्या रक्तपेढ्या त्याची तपासणी करणार तरी कशी? हा विषाणू तीस-तीस वर्षं गुपचूप बसतो. ना कावीळ, ना दुखणं. आणि तो लिव्हरमध्ये वण करत असताना सोनोग्राफीवाला ‘ग्रेड १ फॅटी’ लिहू शकतो, कारण शुगर असणाऱ्याला थोडी चरबी असतेच. दोन आजार एका लिव्हरमध्ये सुखाने राहतात. सगळंच फॅटी लिव्हरच्या खात्यावर टाकायची हल्ली आम्हा डॉक्टरांनाही सवय लागलीय.

आणि समजा सी निघालाच, तर (विचित्र वाटेल) मला त्यातल्या त्यात आनंदच होईल. आमच्या शाखेत मी डोळ्यांनी पाहिलेली औषधांतली खरी क्रांती कुठली असेल तर ही. पूर्वी ४८ आठवडे इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचो. दर इंजेक्शननंतर ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं. काही जण इतके खचायचे की घरचे येऊन म्हणायचे, डॉक्टर, आजार परवडला पण हे थांबवा. एवढं करून कित्येकांचा विषाणू परत यायचा. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर हे गोळीचं औषध आलं, बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर. आम्ही आकडा वाचून पान उलटलं. पण २०१४ साली भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला, २०१५ पासून इथल्या गोळ्या आल्या, आणि २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमाच्या सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. बहुतेकांना रोज गोळ्या, बारा आठवडे. शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. ज्यांनी हा विषाणू शोधला आणि ओळखला त्या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. आधीच सिऱ्होसिस असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही.

सासरे ‘अंगानं बारीक’ आहेत, यावरही थोडं बोलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या आपल्या सहकाऱ्याचा, प्रा. युडकिन यांचा, शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपली माणसं कपड्यात बारीक दिसतात, पोटात नाही. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन धरतात, २५ च्या पुढे लठ्ठ. आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. त्यात सासऱ्यांचं वजन अलीकडे आपोआप उतरलं असेल, तर त्याचं कौतुक करू नका. दंड आणि मांड्या बघा. लिव्हर थकलं की आधी स्नायू जातात.

आता यजमान. ०.७४ म्हणजे बायोप्सी नको. सुई टोचून लिव्हरचा जो तुकडा मिळतो तो सगळ्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग असतो. गरज असते तेव्हा त्याला पर्याय नाही, पण केवळ ग्रेड ३ ही गरज नव्हे. त्यांचंही हेपटायटिस बी-सी एकदा बघा, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्तदाब बघा. आणि ‘घेता का?’ हा प्रश्न तुमच्यासमोर विचारल्यावर मिळणारं उत्तर आणि तुम्ही बाहेर गेल्यावर मिळणारं उत्तर यात बऱ्याचदा चार पेगांचा फरक असतो, तेव्हा तो डॉक्टरांना एकट्यात विचारू द्या. एसजीपीटी ८१ अजून तीन-चार महिने वरच राहिलं तर कारण शोधायला पुढच्या तपासण्या आहेत.

त्यांचं औषध वजनात आहे. पाच टक्के उतरवलं की लिव्हरमधली चरबी कमी होते, सात टक्क्यांना सूज, दहा टक्क्यांना वणसुद्धा मागे हटतात. ७८ किलोचे ७२ झाले की साडेसात टक्क्यांहून थोडे जास्तच होतात, एवढं वर्षभरात करायला सांगा. सगळ्यात आधी काय बंद करायचं? बरेच जण तेलाच्या मागे लागतात. मी गोडाच्या मागे लागतो: दिवसाचे चार कप साखरेचे चहा, ‘आरोग्यासाठी’ घेतलेला फळांचा रस, शीतपेयं, उसाचा रस. यातली फ्रुक्टोज थेट लिव्हरमध्ये जाऊन चरबी होते. साखरेऐवजी गूळ घेतला तर लिव्हरला फसवता येत नाही. संध्याकाळी साडेसहाचं फरसाण आणि रात्री साडेदहाचं जेवण ही दुसरी जोडगोळी. बिनसाखरेची कॉफी मात्र चालेल. जे नियमित कॉफी पितात त्यांच्यात वण कमी दिसतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय.

त्या नव्या औषधांचं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉमला मान्यता मिळाली, फॅटी लिव्हरच्या सुजेवरचं तिथलं पहिलं औषध. ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मिळाली, तेच शुगर आणि वजनाचं इंजेक्शन. आपल्याकडे झायडस या भारतीय कंपनीने शोधलेल्या सारोग्लिटाझारला २०२० सालीच या आजारासाठी परवानगी मिळाली होती, हे थोड्यांना माहीत असतं. बातम्यांमध्ये जे ‘रामबाण’ म्हणून आलं त्याचे आकडे बघा: सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांनी शंभरातल्या साधारण ३७ जणांचे वण कमी झाले. ज्यांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं त्यांच्यातही २२ जणांचे झाले. फायदा आहे, चांगला आहे. जादू नाही. आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली ही दोन्ही मधल्या टप्प्याच्या वणांसाठी आहेत. वण नसलेल्यांना त्यांची गरज नाही, सिऱ्होसिस झालेल्यांसाठी त्यांना मान्यता नाही. म्हणजे तुमच्या यजमानांना लिव्हरसाठी ती नकोत. सासरे मधल्या टप्प्यात निघाले तर सेमाग्लुटाइडचा विचार होईल, शुगरलाही उपयोग होईल. पण डोळ्यांचा पडदा तपासून आणि स्नायू जाणार नाहीत याची काळजी घेऊन. मित्राला लागू पडलं म्हणून कुणी सुरू करू नये. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या दोघांच्याही कपाटातून काढा. गुळवेलीचा काढाही. करोनाच्या काळात रोज गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले होते. त्यावर वाद झाला, पण मी स्वतःही असे पेशंट पाहिलेत. सांधेदुखीच्या गोळ्या सासऱ्यांनी मनाने घ्यायच्या नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला स्वयंपाकघरात अवघड जाणार आहे. एकाच घरात दोन उलटी पथ्यं लागू शकतात. मुलाला, म्हणजे तुमच्या यजमानांना, कमी खायचंय. सासऱ्यांना सिऱ्होसिस निघाला, तर त्यांना जास्त खायचंय, विशेषतः डाळ, अंडी, दूध, पनीर. ५८ किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. वरण-भात आणि एक वाटी ताकात ती भरत नाहीत. ‘लिव्हर आहे, उकडलेलं बिनतेलाचं द्या’ या जुन्या काविळीच्या पथ्याने मी कित्येक म्हातारी माणसं वाळवलेली पाहिलीत. आणि उपास नाही. चतुर्थी नाही, एकादशी नाही. निरोगी लिव्हर रात्रीपुरती साखर साठवून ठेवतं. वण पडलेल्या लिव्हरजवळ साठाच नसतो, त्यामुळे रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उपाशीपणात शरीर जो स्नायू जाळतं तो निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरच जाळेल. म्हणून झोपताना कपभर दूध आणि अर्धी भाकरी असं काहीतरी, शुगरच्या डॉक्टरांना सांगून गोळ्यांचं प्रमाण त्याप्रमाणे बसवून. मुलगा शेजारी बसून ते बघत असेल, त्याला इलाज नाही.

पोटाच्या डॉक्टरकडे जाताना सासऱ्यांचे जुने सगळे रक्ताचे रिपोर्ट न्या, शुगर तपासताना केलेले सुद्धा. पाच-सात वर्षांचे प्लेटलेट तारखेप्रमाणे एका कागदावर लिहा. २ लाख २० हजारांवरून हळूहळू १ लाख ४८ हजार झाले असतील तर तो एक कागद मला दहा स्कॅनइतकं सांगतो. फायब्रोस्कॅनच्या आधी तीन तास पोट रिकामं हवं, पाणी चालतं. पण वेळ दुपारची देत असतील तर त्यांना सकाळपासून उपाशी बसवू नका. पहिला नंबर लावा, आणि बाहेर आल्या आल्या खायला डबा सोबत ठेवा.